निखाऱ्यांचा न दिसणारा धूर

गेल्या महिन्यात रक्तदाब दाखवायला आलेल्या एका काकूंनी मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांचा मुलगा टेक्सासला असतो. तिकडे सुट्टीच्या दिवशी घराबाहेर कोळशाच्या मंद आचेवर दहा-बारा तास मांस धुरावर शिजवतात, आणि आता हाही त्यात तरबेज झालाय. काकूंनी विचारलं, "डॉक्टर, त्या धुराने कॅन्सर होतो म्हणतात, खरं का हो?" माझं लक्ष भलतीकडेच गेलं. फोटोत बाहेर पाऊस होता आणि कोळशाची ती शेगडी गॅरेजमध्ये आणून ठेवली होती. दार अर्धं उघडं.

मी म्हटलं, "काकू, कॅन्सरचं नंतर बोलू. आधी त्याला फोन लावा."

त्या अर्ध्या उघड्या दाराची मला एवढी धास्ती का, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. चौथ्या शतकात ज्युलियन नावाचा रोमन सेनानी, पुढे सम्राट झालेला, पॅरिसमध्ये हिवाळ्यासाठी मुक्कामाला होता. थंडी कडाक्याची. त्याने खोलीत थोडे निखारे आणवले. थोड्या वेळाने त्याला गुंगी आली, डोकं जड झालं, जीव गुदमरला. नोकरांनी उचलून बाहेर नेलं, वैद्यांनी उलटी करायला लावली आणि तो वाचला. ही हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. गंमत म्हणजे त्याने दोष दिला तो भिंतींतून निघालेल्या ओलसर वाफेला! निखाऱ्यांवर धूर दिसत नव्हता, मग त्यांच्यावर संशय कोण घेणार?

खरा गुन्हेगार होता कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. १८५७ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी दाखवलं की हा वायू रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरतो. ब्रिटनमध्ये जॉन हाल्डेन यांनी १८९५ च्या सुमारास तो स्वतःच हुंगून काय काय होतं याची नोंद ठेवली. (असले प्रयोग आज कुठलीही एथिक्स कमिटी मंजूर करणार नाही.) खाणीत कॅनरी पक्षी न्यायची सूचना त्यांचीच. माणसाच्या आधी तो इवलासा जीव कोसळायचा.

आता त्या शेगडीकडे येऊ. अमेरिकेतल्या कोळशाच्या वड्यांची ही गोष्ट १९२० च्या दशकातली. हेन्री फोर्ड यांच्या मोटार कारखान्यासाठी लागणाऱ्या लाकडाचा भुसा आणि तुकडे वाया जायचे. त्यांचा कोळसा करून, दाबून वड्या विकायला सुरुवात झाली. १९५२ मध्ये शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी समुद्रात तरंगत्या खुणेसाठी वापरतात तो धातूचा पोकळ गोळा मधोमध कापून झाकणाची शेगडी बनवली. खाली-वर झरोके ठेवले. आच हाताशी आली आणि घरामागच्या अंगणात मांस धुरावणं सोपं झालं.

यात एक मेख आहे. धुरावर शिजवायला साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअस एवढीच ऊब हवी. म्हणून खालचा झरोका जवळजवळ मिटून कोळशाची हवा तोडतात, म्हणजे तो तासन् तास धुमसत राहतो. हवा कमी मिळाली की कोळसा पुरता जळत नाही आणि मोनॉक्साइडचं प्रमाण वाढतं. आपली जुनी शेगडी निदान चहूबाजूंनी उघडी असायची.

या मांसाच्या कडेला गुलाबी रेघ उमटते, तिचा तिथल्या आचाऱ्यांना भारी अभिमान. ती रेघ मुख्यतः नायट्रिक ऑक्साइडमुळे आणि काही अंशी याच कार्बन मोनॉक्साइडमुळे उमटते. हे वायू मांसातल्या मायोग्लोबिनला, म्हणजे हिमोग्लोबिनच्या चुलतभावाला, चिकटतात. तुमच्या रक्तात घडतं तेही याच जातीचं.

मी रेसिडेंट असताना डिसेंबरातल्या एका पहाटे चौघांचं कुटुंब आणलं होतं. लोणारी कोळशाची शेगडी उबेसाठी खोलीत घेऊन, दार लावून झोपले होते. तिघं वाचले. सगळ्यात धाकटी मुलगी शेगडीच्या सर्वात जवळ होती. त्यानंतर आजतागायत बंद खोलीतला निखारा दिसला की मी गप्प बसू शकत नाही.

डोकं दुखणं, मळमळ, सुस्ती ही पहिली लक्षणं. पार्टीत "जास्त खाल्लं असेल" म्हणून ती सहज अंगावर काढली जातात. आणि कोविडपासून घरोघरी आलेला तो बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे चक्क फसवतो. मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनवालं वाटतं आणि आकडा ९८ दाखवतो. त्यावर विसंबू नका. माणसाला उघड्या हवेत आणा आणि तडक रुग्णालय गाठा. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. अमेरिकेत १९९६ मध्ये नियम झाला की कोळशाच्या पिशवीवर चित्रासकट इशारा हवाच: घरात, गाडीत, तंबूत पेटवू नका. गॅरेजचं दार उघडं असलं तरी ते घरच.

राहिला काकूंचा प्रश्न. १९६४ मध्ये शिकागोच्या लिजिन्स्की आणि शुबिक यांनी कोळशावर भाजलेल्या मांसात बेंझोपायरीन मोजलं, किलोमागे सरासरी ८ मायक्रोग्रॅम. डांबरातलं हे कॅन्सरकारक द्रव्य. ते मुख्यतः वितळलेली चरबी निखाऱ्यावर ठिबकून जळल्याने तयार होतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मांस निखाऱ्यांच्या थेट वर न ठेवता बाजूला ठेवायचं, खाली पाण्याची थाळी ठेवायची. कोळशाने पांढरी राख धरल्याशिवाय मांस चढवायचं नाही. पेटवायला रॉकेलसारखं काही ओतू नये. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाहीये. वरचा झरोका उघडाच असावा, धूर जेमतेम दिसेल इतका विरळ हवा. वर्षातून चार वेळा खाल्ल्याने मी कुणाला घाबरवणार नाही. रोजच्या रोज धुरावलेलं किंवा खारवलेलं मांस खाणाऱ्याला मात्र आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

मुलाने फोन उचलला आणि शेगडी बाहेर, पत्र्याच्या आडोशाला नेली. मी त्याला आणखी एक सांगितलं: जेवणं झाली, आग विझल्यासारखी वाटली तरी राखेखाली निखारा रात्रभर जिवंत असतो. शेगडी सकाळपर्यंत बाहेरच राहू दे.