पारव्यांची बखर आणि दफ्तर

पाखरे वाढली की घटली, असा प्रश्न कुठल्याही गावच्या पारावर टाकून पाहा. उत्तरांना तोटा नसतो. एक जण म्हणेल, पूर्वी ज्वारीच्या रानात पाखरांचा ढग उतरायचा, आता गोफणच दिसेनाशी झाली. दुसरा म्हणेल, छे, मोर आणि पारवे इतके वाढलेत की पेरलेले बी उगवेल याची खात्री नाही. दोघेही प्रामाणिक असतात. दोघांनी जे पाहिले तेच सांगितलेले असते. इतिहास लिहिणाऱ्यापुढे पेच पडतो तो इथेच.

हा पेच आपल्याला नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींवर किती विसंबायचे हा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला. बखर म्हणजे आठवणीतून, ऐकीव गोष्टींतून, घटनेनंतर कधीतरी लिहिलेला वृत्तांत. अस्सल पत्र, हिशेब, रोजकीर्द हे त्या त्या दिवशी लिहिलेले दफ्तर. पाखरांच्या इतिहासालाही अशी बखर असते आणि दफ्तरही असते. त्याचे एक उत्तम उदाहरण सापडते इंग्लंडच्या शेतांत, आणि ते सांगणारे लोक आहेत शिकारी. मी पक्षितज्ज्ञ नव्हे आणि बंदूक कधी हातात धरलेली नाही. जुने कागद वाचण्याची आवड एवढेच माझे भांडवल. त्या वाटेने जाता जाता मला हा विषय भेटला.

पक्ष्याचे इंग्रजी नाव वुडपिजन. आपण त्याला रानपारवा म्हणू. त्याचा एक भाऊबंद आपल्या सह्याद्रीच्या दाट झाडीत राहतो. कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांची नोंद करताना त्याचे वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव त्याला दिले. आपला हा सह्याद्रीवासी लाजाळू, रानातली फळे खाणारा. इंग्लंडमधला मात्र शेताला सरावलेला. अंगाने आपल्या पारव्याहून बराच मोठा, वजन सुमारे अर्धा किलो, मानेवर पांढरा डाग, उडताना पंखांवर पांढरी पट्टी. पेरलेले धान्य, वाटाणा, कोबी, कोवळी पाने, काहीही त्याला चालते. शेकडोंचा थवा एका शेतात उतरला की शेतकऱ्याची झोप उडते.

मग तो बोलावतो बंदूकवाल्याला. हा बंदूकवाला म्हणजे लवाजमा घेऊन निघालेला सरदार नव्हे. बहुधा जवळच्या गावातला कुणी गवंडी, मेकॅनिक किंवा निवृत्त माणूस. शेतमालकाची परवानगी घेऊन तो कुंपणाच्या कडेला जाळीचा आडोसा उभारतो, शेतात लाकडाचे किंवा प्लॅस्टिकचे फसवे पारवे मांडतो आणि खरे उतरण्याची वाट पाहतो. मांस घरी खाल्ले जाते किंवा व्यापाऱ्याला विकले जाते. अशा माणसाने तीस-चाळीस वर्षे त्याच शिवारात काढलेली असतात. पारवे कुठून येतात, कोणत्या झाडावर विसावतात, वारा फिरला की कुठे वळतात, हे त्याला पाठ असते. पारवे वाढले की घटले यावर त्याचे ठाम मत असते, आणि शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या बंदूकवाल्याचे तितकेच ठाम, पण उलटे.

असे का होते? शिकारी मोजतो ते आपल्या समोर उतरलेले पारवे. ज्या वर्षी ओक आणि बीच या झाडांना भरघोस फळ धरते, त्या वर्षी पारवे बराच काळ रानातच चरतात. शेते ओस दिसतात आणि शिकारी म्हणतो, पारवे संपले. उलट कडक हिवाळ्यात खाणे दोन-चार शेतांपुरते उरते, सगळा मुलूख तिथे गोळा होतो आणि शिकारी म्हणतो, एवढे पारवे जन्मात पाहिले नाहीत. खरे तर त्याच वेळी पारवे उपासाने मरत असू शकतात. दुष्काळात छावणीवर गर्दी दिसते म्हणून गुरे वाढली असे कुणी म्हणत नाही; पण पाखरांच्या बाबतीत आपली नजर नेमकी हीच गल्लत करते.

शिकाऱ्यांच्या बखरीत एक परदेशी टोळधाडही होती. हिवाळ्याच्या तोंडावर अचानक दिसणारे मोठे थवे समुद्रापलीकडून, स्कँडिनेव्हियातून येतात, अशी जुनी समजूत होती. हे पारवे अंगाने लहान, रंगाने काळपट आणि मानेवर पांढरा डाग नसलेले, असा पुरावाही दिला जाई. १९६२ मध्ये मर्टन आणि रिडपाथ या संशोधकांनी या शरद ऋतूतल्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटनमधले पारवे बहुतेक तिथलेच, असे त्यातून दिसले. रानपारव्याची वीण उन्हाळ्याच्या अखेरीस, धान्य पिकते तेव्हा जोरात असते. त्या विणीतली पिल्ले थंडीच्या सुरुवातीला थव्यात सामील होतात, आणि पिल्लांच्या मानेवर पांढरा डाग नसतो. म्हणजे परके समजलेले पाहुणे बव्हंशी घरचीच पोरे होती. शिकाऱ्यांचे निरीक्षण चोख होते, त्यांनी लावलेला अर्थ तेवढा टिकला नाही.

हा मर्टन, म्हणजे रोनाल्ड मर्टन, ब्रिटनच्या कृषी मंत्रालयात काम करत असे. महायुद्धाने त्या देशाला अन्नाची टंचाई दाखवली होती, त्यामुळे धान्य खाणारा पारवा शत्रूच्या यादीत गेला. युद्धानंतरच्या दशकांत सरकारने पारवे मारण्यासाठी काडतुसांवर सवलत दिली. हिवाळ्याच्या शेवटी शिकाऱ्यांच्या संघटित मोहिमा निघत. त्यांचा उपयोग किती, हे पाहण्यासाठी मर्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केंब्रिजशर परगण्यातल्या कार्लटन या गावाचे शिवार निवडले आणि वर्षानुवर्षे तिथले पारवे, त्यांचे खाणे, त्यांची घरटी आणि त्यांचे मरण यांची मोजदाद केली. १९६५ मध्ये त्याचे या पक्ष्यावरचे पुस्तक आले.

निष्कर्ष सरकारी धोरणाला न मानवणारा होता. हिवाळ्यात पारव्यांचे पोट चाले ते क्लोव्हरवर. क्लोव्हर म्हणजे आपल्या लसूणघासाच्या कुळातली, तीन पानांची चाऱ्याची वनस्पती. क्लोव्हर जेवढे, तेवढेच पारवे वसंतापर्यंत तगत. समजा शंभरातले चाळीस भुकेने मरणारच आहेत. त्यातले वीस शिकाऱ्याने टिपले, तर उरलेल्यांच्या वाट्याला घास जास्त येतो आणि भुकेने मरतात वीसच. शेवटी उरतात साठचे साठ. (हे आकडे समजावण्यापुरते माझे.) बंदूक एखाद्या शेतावरून थवा उठवू शकते, त्या दिवसाचे पीक वाचवू शकते, मुलखातले पारवे मात्र हिवाळी मोहिमांनी कमी होत नव्हते. काडतुसांची सवलत पुढे बंद झाली.

मग पारवे घटले ते कशाने? नांगराने. साठच्या दशकात केंब्रिजशरसारख्या भागात शेतकरी गुरेढोरे सोडून धान्याकडे वळले. रासायनिक खत आल्यावर जमिनीचा कस राखण्यासाठी क्लोव्हर घेण्याची गरज उरली नाही. कुरणे मोडली आणि कार्लटनचे पारवे उतरणीला लागले. जे काम काडतुसांनी झाले नव्हते ते पीकपालटाने झाले.

त्यानंतर कथेने कूस बदलली. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाला आणि समुदायाच्या कृषी धोरणातली तेलबियांना मिळणारी मदत तिथल्या शेतकऱ्यालाही मिळू लागली. मोहरीच्या कुळातले, पिवळ्या फुलांचे 'ऑइलसीड रेप' हे पीक झपाट्याने पसरले. आपण त्याला विलायती मोहरी म्हणू. ती शरदात पेरतात आणि तिची हिरवी पाने सबंध हिवाळा शेतात उभी असतात. पारव्यांना भर थंडीत अन्नछत्रच उघडून मिळाले. पूर्वीच्या हिवाळ्यांत जे मेले असते ते जगू लागले. १९९० मध्ये इंग्लिस आणि सहकाऱ्यांनी कार्लटनच्या दीर्घ नोंदींवरून हा सारा चढउतार मांडला : क्लोव्हर गेले तेव्हा पारवे घटले, मोहरी आली तेव्हा वाढले.

एका गावाचे हे चित्र देशाला लागू पडते का? इथे खरे दफ्तर उपयोगी येते. १९६१ मध्ये ब्रिटनमधल्या 'गेम कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेने जमीनदारीच्या शिकारवह्या एकत्र करून राष्ट्रीय शिकार-गणना सुरू केली. १९६२ मध्ये पक्षिनिरीक्षकांच्या संस्थेने, ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजीने, सामान्य पक्ष्यांची गणना सुरू केली. १९९४ पासून तिची जागा अधिक व्यापक पाहणीने घेतली. एकीकडे बंदूकवाले, दुसरीकडे दुर्बीणवाले. एरवी त्यांचे पटतेच असे नाही, पण रानपारव्याबाबत दोन्ही दफ्तरे वाढच सांगतात. गेल्या अर्धशतकात ब्रिटनमधले रानपारवे दुपटीहून अधिक झाले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार तिथे त्यांच्या सुमारे ५० लाख जोड्या वीण करतात.

तरी दफ्तर वाचायलाही अक्कल लागते. जुन्या शिकारवह्यांत तित्तिर, फेझंट, ससा यांना स्वतंत्र रकाने असत. पारवा मानाची शिकार नव्हे, म्हणून तो पुष्कळदा 'इतर' या शेवटच्या रकान्यात जाई किंवा लिहिलाच जात नसे. शिवाय जास्त पारवे मारले गेले याचा अर्थ पारवे वाढले असाही होतो आणि बंदुका वाढल्या असाही. म्हणून किती मारले यासोबत किती माणसांनी, किती दिवसांत, कोणत्या पिकावर, हे लिहिलेले असेल तर त्या आकड्याला मोल.

पण याच वह्यांनी एक मोठे उपकार केले. इंग्लंडचा करडा तित्तिर मानाची शिकार होता, त्यामुळे त्याचा पै-पैचा हिशेब होता. त्याची घसरण त्या हिशेबांत स्पष्ट दिसली. डिक पॉट्स या संशोधकाने तिचे कारण शोधले : तणनाशकांनी तण गेले, तणावरचे किडे गेले आणि किड्यांवर वाढणारी पिल्ले उपाशी मेली. साठच्या दशकाच्या अखेरीपासून तिथले करडे तित्तिर नव्वद टक्क्यांहून अधिक कमी झाले आहेत.

कार्लटनच्याच शिवारात मर्टनने टर्टल डव्ह या होल्याचे खाणेही तपासले होते. तो होला पित्तपापड्याच्या कुळातल्या तणाचे बी आवडीने खाई. तणनाशकांनी ते तणही हटवले. १९७०च्या दशकापासून ब्रिटनमधले हे होले ९५ टक्क्यांहून अधिक घटले. त्यात स्थलांतराच्या वाटेवरची शिकार आणि आफ्रिकेतले बदलही आहेत. शेत तेच, काळ तोच. पीक खाणारा पारवा वाढला आणि तण खाणारा होला नाहीसा होत चालला. शेतात पाखरे भरपूर आहेत, असे नुसत्या थव्याकडे पाहून म्हणणाऱ्याला हे दुसरे मरण दिसतच नाही.

हा वाद पोथीतला नाही. एप्रिल २०१९ मध्ये 'वाइल्ड जस्टिस' या गटाने कायदेशीर आव्हान दिल्यावर इंग्लंडच्या निसर्ग-विभागाने पारव्यांसह अनेक पक्षी मारण्याचे सर्वसाधारण परवाने अचानक रद्द केले. ऐन हंगामात शेतकरी हवालदिल झाले. काही दिवसांतच पारव्यांसाठी नवा परवाना निघाला. पण तेव्हा विचारले गेलेले प्रश्न रास्त होते : नुकसान किती, दुसरा उपाय आहे का, आणि मारून काय साधते? अशा सर्वसाधारण परवान्याखाली किती पारवे मारले हे कळवण्याची सक्ती नव्हती. म्हणजे सर्वांत जास्त मारल्या जाणाऱ्या पक्ष्यांपैकी एकाचा हिशेब सर्वांत अपुरा.

त्यातच पीक पुन्हा पालटते आहे. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये विलायती मोहरी साडेसात लाख हेक्टरांवर होती. २०१३ च्या अखेरीस तिच्या बियाण्यावरच्या काही कीटकनाशकांना बंदी आली, भुंगेऱ्यांनी पीक खाल्ले आणि २०२१ पर्यंत क्षेत्र तीन लाख हेक्टरांच्या आसपास आले. यापुढे एखादा शिकारी आपल्या शिवारात पारवे कमी झाले म्हणेल, तेव्हा त्याला आधी विचारायला हवे, मोहरी कुठे गेली?

आपल्याकडेही शिकारीचे दफ्तर आहे, तेही दगडात कोरलेले. भरतपूरच्या शिलालेखांत १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसाची नोंद आहे : व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पर्व संपवले आणि ते योग्यच झाले. आता मोजण्याचे काम दुर्बीणवाल्यांवर आले आहे. हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२३ च्या देशव्यापी अहवालात मोर आणि पारवा वाढत असल्याचे, तर माळरानातले आणि शेतशिवारातले कितीतरी पक्षी घटत असल्याचे दिसते. पारावरचे ते दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते, ते असे.

या नोंदींत शेतकऱ्याची वही मात्र फारशी नाही. बियाणे, खत, मजुरी यांचा हिशेब आपण ठेवतोच. त्याच वहीत तारीख, शेतात कोणते पीक, कोणती पाखरे उतरली आणि अंदाजे किती, एवढी एक ओळ घालायला पैसा लागत नाही. पाखरे आली नाहीत तर तेही लिहावे. दहा वर्षांनी नुकसानभरपाई मागताना किंवा एखादे पाखरू वाचवताना पारावरची बखर कामी येणार नाही. ही वही येईल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)