डॉ. कोटणीस : कहाणी आणि इतिहास

सोलापूर नगरीच्या सुपुत्रांमध्ये डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे स्थान अढळ आहे. परंतु त्यांचे चरित्र बहुतेकांना ठाऊक झाले ते कादंबरी व चित्रपट यांच्या द्वारे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी 1944 मध्ये त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले व 1946 मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट सादर केला. चीनमध्ये प्लेगच्या साथीशी झुंजणारा आणि अखेर त्याच रोगाच्या तावडीत सापडणारा तरुण वैद्य प्रेक्षकांनी त्यात पाहिला.

हे चित्र लोकांना तत्काळ पटले, यास कारण होते. 1896 मध्ये मुंबईत प्रकट झालेल्या प्लेगने महाराष्ट्रातील गावेच्या गावे ओस पाडली होती. 10 जानेवारी 1897 रोजी डॉ. हाफकिन यांनी आपली नवी लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. दोनच महिन्यांनी, 10 मार्च रोजी, पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे देहावसान झाले. साथीत प्राण पणास लावणारी माणसे या भूमीने प्रत्यक्ष पाहिली होती.

इतिहास मात्र निराळा आहे. 10 ऑक्टोबर 1910 रोजी जन्मलेले डॉ. कोटणीस 1938 मध्ये राष्ट्रीय सभेच्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तेथे वडिलांच्या निधनाची वार्ता आली, तरी ते माघारी फिरले नाहीत. आघाडीवरील जखमी सैनिकांवर अहोरात्र शस्त्रक्रिया करणे हेच त्यांचे मुख्य कार्य होते. पुढे डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते संचालक झाले. तेथील परिचारिका को छिंगलान यांच्याशी 1941 मध्ये त्यांचा विवाह झाला. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले ते प्लेगने नव्हे, तर अपस्माराच्या झटक्यांनी. पुत्र त्या वेळी जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता.

कल्पितकथा तरुणांच्या मनात इतिहासाची गोडी उत्पन्न करते, हे तिचे ऋण मान्य करावे लागेल. तथापि कथेतील वीरमरणाहून प्रत्यक्षातील सेवा अधिक कठीण होती. आजार जडलेला असतानाही त्यांनी काम सोडले नाही. एका क्षणाच्या साहसापेक्षा चार वर्षांची ही अखंड रुग्णसेवा थोर होय. भैय्या चौकातील त्यांच्या स्मारकात मुलांना नेताना वडीलधाऱ्यांनी चित्रपटातील कहाणीबरोबर हा इतिहासही अवश्य सांगावा.