शहागंजचे घड्याळ आणि यंत्राचे वेळापत्रक

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याखालून आपण सारेच येतो-जातो. भाजीच्या हातगाड्या, कापडाचे ठेले, रिक्षावाल्यांची हाकाटी यांतून मान वर करून वेळ पाहण्याचे कारण आता उरलेले नाही. वेळ ज्याच्या त्याच्या खिशात आहे. निजामी अमदानीत, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी हा मनोरा उभा राहिला, तेव्हा खिशात घड्याळ बाळगणारा माणूस विरळा होता. वेळ ही चौकात उंचावर लावण्याची आणि चारचौघांनी मिळून वाचण्याची वस्तू होती. या मनोऱ्यापासून निघून संगणकाच्या पोटात दडलेल्या एका पानापर्यंत आम्ही आज जाणार आहोत. आम्ही शाळेत फार टिकलो नाही. जे थोडेबहुत शिकलो ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीतील बाकावर बसून. तेव्हा तज्ज्ञाच्या सफाईची अपेक्षा आमच्याकडून करू नये.

ठरलेले काम माणसाचा हात न लागता पुनःपुन्हा व्हावे, ही हौस जुनी आहे. आपली पाणचक्कीच पाहा. मैलोगणती दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी नळांवाटे आणून त्याच्या जोरावर जाते फिरविले आणि दर्ग्याच्या आश्रयाला येणाऱ्यांसाठी पीठ दळले. पाणी पडत असेतोवर चक्की फिरे; दिवस कोणता नि प्रहर कोणता, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. उलट घटिकापात्र घ्या. बुडाशी बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडावयाची, ती चोवीस मिनिटांत भरून बुडाली की एक घटका झाली, अशा साठ घटकांची अहोरात्र. वाटीला वेळ अचूक कळे. पण ती उपसून पुन्हा पाण्यावर ठेवावयास आणि टोला द्यावयास माणूस जागा राहावा लागे. चक्कीला काम येत होते, वेळ कळत नव्हती. वाटीला वेळ कळत होती, काम येत नव्हते. या दोघींची गाठ पडावयास बरीच शतके जावी लागली, आणि मधल्या काळात वाटीशेजारच्या त्या जाग्या माणसाची जागा गिरणीच्या मालकाने घेतली.

औरंगाबादेत सूतकापडाची गिरणी निघाली ती १८८९ साली; सातशेच्या आसपास माणसे तीत काम करीत. १९०० साली रेल्वे आली. त्या काळी रेल्वेचा कारभार मद्रासच्या वेळेवर चाले आणि मुंबई आपली निराळी वेळ पाळी; दोहोंत अर्ध्या तासाचे अंतर. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या देशाला एक प्रमाणवेळ लावून दिली. ती मुंबईच्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटे पुढे होती. म्हणजे गिरणीचा भोंगा घड्याळाप्रमाणे नेहमीच्याच वेळी वाजला, तरी आकाशातील सूर्याच्या मानाने एकोणचाळीस मिनिटे आधी वाजणार! त्या जानेवारीत मुंबईच्या हजारो गिरणी कामगारांनी मागावर जाण्याचे नाकारले, दगडफेकही झाली. शिकल्यासवरल्या लोकांना यात अडाणीपणा दिसला असेल, आम्हाला दिसत नाही. आदल्याच वर्षी विजेचे दिवे लावून काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालविल्या जात होत्या. सूर्यास्ताची अडचण मालकांनी दूर केली होती, आता सूर्योदयही सरकू लागला, आणि ज्यांना अंधारात उठून चालत यावयाचे त्यांना कोणी विचारले नव्हते. मुंबई शहराने आपली जुनी वेळ स्वातंत्र्यानंतरही काही काळ सोडली नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

त्यापूर्वीची एक लढाई अधिक ओळखीची आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र आणले आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. तासांचा हिशोब मात्र इंचाइंचाने पुढे सरकला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषाला बारा तास, १९२२ च्या कायद्याने अकरा, १९३४ ला दहा, १९४८ ला नऊ. (निजामी मुलखात ब्रिटिशांचा कायदा आपोआप लागू नव्हता, त्याची कथा स्वतंत्र आहे.) १९४८ च्या कायद्यात आम्हाला सर्वांत मोलाची वाटतात ती दोन कलमे तासांच्या आकड्याची नाहीत. एकसष्टावे कलम सांगत असे की पाळ्यांच्या वेळा कारखान्यात दिसतील अशा लावल्या पाहिजेत. सत्तावन्नावे कलम सांगत असे की रात्रपाळी मध्यरात्र ओलांडून गेली, तर बारानंतरचे तास आदल्या दिवसातच मोजावयाचे आणि त्या माणसाचा पुढचा दिवस त्याची पाळी संपेल तेथून सुरू होईल. कामगाराचा दिवस पंचांगाप्रमाणे उजाडत नाही, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

आता त्या पानाकडे येऊ. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स नावाची संगणकाची व्यवस्था तयार झाली. १९७९ साली बाहेर पडलेल्या तिच्या सातव्या आवृत्तीत केन थॉम्प्सन यांनी लिहिलेला क्रॉन नावाचा लहानसा कार्यक्रम होता. काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव. क्रॉन पडद्याआड जागा असतो, दर मिनिटाला उठतो, एक पान वाचतो आणि त्या मिनिटाचे काम लिहिलेले असेल तर ते करून टाकतो. वाटी आणि चक्की यांची गाठ पडली ती अशी. पानाचे नाव क्रॉनटॅब. त्याच्या प्रत्येक ओळीत आधी पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार, त्यापुढे काम. ज्या रकान्यात तारा काढला तेथे ‘कोणतेही’ असे समजावयाचे. ३० २ * * * असे लिहिले की रोज रात्री अडीच वाजता. वाराच्या रकान्यात रविवारला आज शून्यही चालते आणि सातही. बाकी वारांना एकेकच आकडा. लोखंड्यांच्या वाराला दोन खुर्च्या मिळाल्या, याचे आम्हाला उगाच बरे वाटते.

सुरुवातीला हे पान एकच होते आणि ते यंत्राच्या मुख्य व्यवस्थापकाच्या हाती. पुढे युनिक्सच्याच नंतरच्या आवृत्त्यांत प्रत्येक वापरणाऱ्याला आपापले पान मिळाले. कोणाला द्यावयाचे आणि कोणाला नाही, याच्या याद्या मात्र व्यवस्थापकाकडेच राहिल्या. १९८७ साली पॉल विक्सी यांनी लिहिलेला क्रॉन मोफत वाटला गेला, आणि १९९१ नंतर लिनक्स पसरला तेव्हा त्याच वंशातील क्रॉन त्याच्याबरोबर सर्वत्र गेला. क्रॉन आज्ञाधारक आहे, विचारी नाही. तारीख आणि वार दोन्ही भरले तर दोन्ही जुळण्याची तो वाट पाहत नाही, कोणतेही एक जुळले की काम करतो. येथे भलेभले फसतात. नेमक्या मिनिटाला वीज नसेल तर ती वेळ बुडाली. भारनियमनाच्या मराठवाड्यात हा दोष लहान नव्हे. त्यासाठी अनाक्रॉन निघाला. तो शेवटचे काम कोणत्या दिवशी झाले ते टिपून ठेवतो आणि यंत्र चालू झाल्यावर राहिलेले उरकतो. अलीकडे टायमर म्हणून आणखी एक पद्धत आली आहे, तिच्यातही ही सोय करता येते.

हे सारे आम्हाला शिकावे लागले ते एका कारखान्यातील खाड्यांमुळे. तेथील रात्रपाळी अकरा ते सात. एका महिन्याच्या पगारपत्रकात रात्रपाळीच्या माणसांना लागोपाठ खाडे लागले. माणसे कामावर होती, माल निघाला होता, कार्ड लावल्याची नोंदही होती. कचेरीत विचारले तर उत्तर एकच: सिस्टीमनेच तसे दाखविले आहे. आम्ही म्हणालो, सिस्टीमला वेळ कोणी सांगितली ते दाखवा. तीन दिवस कोणी काही दाखविले नाही. चौथ्या दिवशी तेथल्याच एका तरुण मुलाने एक ओळ छापून आमच्या पुढ्यात ठेवली: ३० २ * * *.

उलगडा असा झाला. यंत्राचे घड्याळ पूर्वी जागतिक वेळेवर होते. ती आपल्या साडेपाच तास मागे. सकाळी आठला, म्हणजे रात्रपाळी घरी गेल्यावर, हजेरीचा हिशोब व्हावा म्हणून ओळ लिहिणाऱ्याने बरोबर गणित करून अडीच लिहिले होते. पुढे दुसऱ्या कोणी यंत्राचे घड्याळ सुधारून भारतीय वेळेवर आणले. घड्याळ सुधारले, ओळ तशीच राहिली. हिशोब रात्री अडीचलाच होऊ लागला. त्या क्षणी रात्रपाळीची माणसे यंत्रावर उभी, आत आल्याची नोंद आहे, बाहेर पडल्याची नाही; म्हणून खाडा. लबाडी कोणाचीच नव्हती, हे आम्ही तेव्हाही कबूल केले. परंतु एकोणचाळीस मिनिटांच्या गोष्टीचा हा सख्खा भाऊ आहे, एवढे आमच्या लक्षात आले. १९०६ साली भोंगा निदान कानांवर पडत होता. ही अडीचची घंटा वाजली ती कोणाला ऐकूही आली नाही.

कापलेले पैसे पुढच्या पगारात मिळाले. काम व्हावयाची वेळ सकाळी आठवर आली आणि ती ओळ, मराठीत अर्थ लिहून, पाळ्यांच्या तक्त्याशेजारी फलकावर लागली. आपल्या दिवसाचा हिशोब कधी होतो ते येता-जाता माणसे वाचतात. पुढच्या करारात आम्ही आणखी एक कलम मागितले: हजेरीच्या पानातील कोणतीही ओळ किंवा यंत्राचे घड्याळ बदलावयाचे असेल तर सात दिवस आधी फलकावर कळवावे. व्यवस्थापन म्हणते, हा तांत्रिक विषय आहे. तीन बैठका झाल्या. चौथीची तारीख अजून ठरावयाची आहे.