घरी काडतूस भरण्याचे व्हिडिओ दिसतात खरे, पण भारतात हे केलं तर काय होतं?

रील्स खाली सरकवताना मधेच असा एखादा व्हिडिओ येतो. परदेशातलं गॅरेज, टेबलाला पक्कं बसवलेलं यंत्र, आणि दांडा ओढला की एकेक काडतूस बाहेर. काडतुसाच्या टोकाला लाल, निळी, हिरवी गोळी, लिमलेटच्या गोळीसारखी. हे आपल्याकडं चालतं का, असा प्रश्न कुणालाही पडेल.

बीडमध्ये हा प्रश्न नुसता कुतूहलाचा राहिलेला नाही. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या बंदुकांचा विषय राज्यभर गाजला. शस्त्र परवान्यांचा आकडा बाराशेच्या पुढं असल्याचं समोर आलं. पिस्तूल मिरवणाऱ्यांचे, हवेत गोळीबार करणाऱ्यांचे व्हिडिओ फिरले, गुन्हे दाखल झाले, प्रशासनानं अनेक परवाने रद्द केले. पण ही सगळी चर्चा पिस्तुलाची होती. गोळ्यांचा कायदा फारसा कुणाला ठाऊक नसतो.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. आपण सरसकट ज्याला गोळी म्हणतो, ते असतं काडतूस. त्यात चार गोष्टी येतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आत पावडर आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की पिन प्रायमरवर आदळते, पावडर पेटते आणि गॅसच्या दाबानं गोळी नळीतून सुटते. मागं उरते ती ‘रिकामी पुंगळी’. आणि न उडवलेलं, चारही भाग शाबूत असलेलं काडतूस म्हणजे बातम्यांमधलं ‘जिवंत काडतूस’.

पुंगळी पितळेची असल्यानं ती पुन्हा वापरता येते. तिला नवा प्रायमर, नवी पावडर आणि नवी गोळी बसवायची, याला म्हणतात रिलोडिंग किंवा हँडलोडिंग. अमेरिकेत स्वतःपुरतं हे करायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायला लागतो. स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजांचा सराव मोठा असतो, त्यामुळं पैसे वाचवायला आणि आपल्या पिस्तुलाला मानवेल तसं काडतूस बनवायला ते घरीच बसतात.

मग त्या रंगीत गोळ्यांचं काय? गोळी बनवायला सगळ्यात स्वस्त धातू म्हणजे शिसं. जड, मऊ आणि ३२७ अंश सेल्सिअसला वितळणारं. अडचण अशी की उघडं शिसं नळीच्या आत घासून चिकटत जातं. त्यावर महागडा उपाय म्हणजे गोळीला तांब्याचं आवरण. जुना उपाय ग्रीससारख्या वंगणाचा, पण त्यानं धूर आणि चिकटा होतो. कोटेड गोळी या दोन्हींच्या मधली. शिशावर रंगीत पॉलिमरचा पातळ थर भाजून बसवलेला असतो. त्यानं शिसं नळीला थेट लागत नाही, हातालाही कमी लागतं.

याचा अर्थ शिसं गेलं असा मात्र नाही. ते वितळवताना आणि हाताळताना शरीरात जाऊ शकतं, बहुतेक प्रायमरमध्येही शिशाचं संयुग असतं. शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुसरा धोका पावडरचा. ती पडायची राहिली तर गोळी नळीतच अडकते आणि पुढची गोळी झाडली की नळी फुटू शकते. चुकून दुप्पट पडली तर पिस्तूल हातातच फुटण्याची भीती. तीस सेकंदांच्या रीलमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

आता कायदा. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत तयार काडतूस तर येतंच, शिवाय त्याचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रंही येतात. म्हणजे रीलमधलं ते टेबलावरचं यंत्रसुद्धा. कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. परवान्याशिवाय बनवला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं कैद, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. नुसती काडतुसं विनापरवाना बाळगली तरी २ ते ५ वर्षं. तुमच्याकडं पिस्तुलाचा परवाना असला तरी तो शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, काडतूस बनवण्याचा नाही. इथंच अनेकांची गल्लत होते.

लग्नात, मिरवणुकीत हौसेनं केलेल्या गोळीबारासाठीही याच दुरुस्तीनं शिक्षा आणली. दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

मग परवानाधारकानं काडतुसं आणायची कुठून? अधिकृत विक्रेत्याकडून, परवान्यावर जेवढी संख्या लिहिली आहे तेवढीच, आणि खरेदीची नोंद करून. त्या पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं दिसली तर ती आपल्या पुण्यातली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, इंग्रज खडकीला किर्की म्हणायचे, म्हणून किर्की फॅक्टरी. २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडं आहे.

नोंदीचा आग्रह उगाच नाही. गोळीबार झाला की पोलीस परवानाधारकाकडं किती काडतुसं घेतली, किती उरली याचा हिशेब मागू शकतात. घरी भरलेल्या काडतुसाची कुठंच नोंद नसते, त्यामुळं हा हिशेब तिथंच तुटतो.

तसं हातानं बंदूक भरणं आपल्याकडं नवं नाही. ठासणीची बंदूक म्हणजे तेच. दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून घालून गजानं ठासायचे. पिकाच्या राखणीसाठी अशी बंदूक पुरेशी वाटली तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यानं तिचाच परवाना द्यावा, अशी सोय १९५९ च्या कायद्यातही आहे.

‘मग आपले नेमबाज काय करतात?’ हा पुढचा प्रश्न. कोल्हापूरची राही सरनोबत २५ मीटर पिस्तूल प्रकारात खेळते, स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य आणलं. दोघांच्याही प्रकारात .२२ बोअरचं काडतूस लागतं. त्याला वेगळा प्रायमर नसतो, पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर आदळून ती चेपते. त्यामुळं ती पुंगळी घरी पुन्हा भरण्याचा प्रश्नच येत नाही. आणि १० मीटरच्या प्रकारात तर पावडरच नसते, तिथं दाबलेल्या हवेवर छर्रा सुटतो.