खांब गेला तर भार कुणावर?

दिवेआगरहून किनाऱ्याच्या रस्त्याने श्रीवर्धनला निघाले, की वाटेत शेखाडी हे लहानसे गाव लागते. फेब्रुवारी १९९३ मध्ये आरडीएक्स या स्फोटकाचा साठा चोरून या किनाऱ्यावर उतरवला गेला. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी स्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. पहिला स्फोट शेअर बाजाराच्या उंच इमारतीच्या तळघरात झाला. मोठी प्राणहानी झाली. इमारत मात्र उभी राहिली.

१९ एप्रिल १९९५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा शहरात एका नऊमजली सरकारी इमारतीसमोर ट्रकमध्ये स्फोट झाला. जवळजवळ अर्धी इमारत कोसळली आणि १६८ माणसे गेली. या दोन घटनांची थेट तुलना करता येणार नाही, कारण स्फोटकाचे वजन, अंतर आणि बांधणी सारेच वेगळे होते. पण प्रश्न उरतोच: इमारत पडेल की टिकेल, हे आधी गणिताने सांगता येईल का?

या गणिताचा पाया जुना आहे. ब्रिटनमध्ये हॉपकिन्सन यांनी १९१५ च्या सुमारास एक साधा नियम मांडला. स्फोटक आठपट केले, तर पूर्वीइतकाच दाब दुप्पट अंतरावर जाणवतो, कारण ८ चे घनमूळ २ आहे. त्यामुळे लहान स्फोटाच्या मोजमापांवरून मोठ्या स्फोटाचा दाब काढता येऊ लागला.

पण हा झाला हवेतला दाब. त्या दाबाखाली भिंत काय करील? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीला आग लागली. तिच्यावर सुमारे १४०० टन स्फोटके होती, शिवाय कापसाच्या गासड्या. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला प्रचंड स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझवणारे ६६ जवान त्यात गेले. अशा वेळी कोणती इमारत किती टिकेल, हे त्या काळी मुख्यतः नुकसान पाहूनच ठरवावे लागे.

पुढे तक्ते आले. भारतीय मानक संस्थेने १९६८ मध्ये स्फोटरोधक बांधकामाचे मानक, आय.एस. ४९९१, प्रसिद्ध केले. त्यातही घनमुळाचा नियमच आहे.

संगणकापुढची अडचण निराळी होती. संगणक हवेचे लहान लहान चौकोन पाडून हिशेब करतो. आघात-तरंगाची आघाडी मात्र इतकी पातळ असते, की ती एकाही चौकोनात नीट मावत नाही आणि उत्तरे बिघडतात. १९५० मध्ये फॉन नॉयमन आणि रिच्टमायर यांनी युक्ती काढली. हिशेबापुरती हवेला थोडी कृत्रिम चिकटाई द्यायची, म्हणजे आघाडी काही चौकोनांवर पसरते आणि एकूण ऊर्जेचा हिशेब चुकत नाही. १९७६ मध्ये अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेत हॉलक्विस्ट यांनी ‘डायना-थ्रीडी’ ही आज्ञावली लिहिली. तिने वस्तूचेच तुकडे पाडून प्रत्येकाचे वाकणे-तुटणे क्षणाक्षणाला मोजता येऊ लागले. मोटारींच्या टकरींचा अभ्यासही पुढे अशाच आज्ञावलींनी होऊ लागला.

ओक्लाहोमाच्या तपासात काय दिसले? स्फोटाने थेट चिरडला तो दर्शनी बाजूचा एक खांब. शेजारचे दोन पाठोपाठ तुटले. तिसऱ्या मजल्याच्या पातळीवरील एक मोठी तुळई वरच्या मजल्यांचा भार या मोजक्या खांबांवर सोपवत होती. तिचाच आधार गेला आणि मजल्यावर मजले आले. बहुतेक मृत्यू या कोसळण्याने झाले.

म्हणून आज अभियंते संगणकावरच्या इमारतीतून एक खांब मुद्दाम काढतात आणि भार शेजारी पोचतो का, ते पाहतात. उत्तर प्रतिमानात भरलेल्या आकड्यांइतकेच खरे असते. काँक्रीट कागदाप्रमाणे ओतले गेले नसेल, सळया कमी पडल्या असतील, तर संगणकाला ते कळत नाही. म्हणून खऱ्या भिंतींवरचे प्रयोग आजही करावे लागतात.

गोदीत गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. त्या सुमारास वर्गात एक प्रयोग करता येईल. खडूचे चार तुकडे उभे करून त्यांवर पुठ्ठा व वही ठेवा. एक तुकडा अलगद काढा. मग नऊ तुकड्यांवर तेच करून पाहा. कुठला तुकडा काढल्यावर वही पडते, हे मुलांना आधी लिहायला सांगा.