इलेक्ट्रिक गिटार : आपल्या अंगाला जुळणारी कशी निवडावी?

गणेशोत्सवात आणि स्नेहसंमेलनात आता पेटी-तबल्याच्या शेजारी इलेक्ट्रिक गिटारही दिसते. घरी गिटार घेताना मात्र आधी रंग, कंपनी आणि किंमत यांचाच विचार होतो. अंगाला न जुळणारी गिटार खांदा, मनगट आणि पाठ दुखवते. मग शिकणाऱ्याला वाटते की आपल्याला वाजवणे जमत नाही, आणि गिटार कपाटावर जाते. तसे होऊ नये म्हणून घेण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

तारेची लांबी
नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीला स्केल म्हणतात. फेंडर स्ट्रॅटोकास्टरचे स्केल 648 मिमी, गिब्सन लेस पॉलचे सुमारे 628 मिमी, तर फेंडर मस्टँगचे साधारण 610 मिमी असते. नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर स्ट्रॅटोकास्टरवर सुमारे 134 मिमी असते, मस्टँगवर 126 मिमी. लहान हातांना हा आठ मिलिमीटरचा फरक चांगलाच जाणवतो. शिवाय त्याच जाडीच्या तारा लहान स्केलवर कमी ताणलेल्या असतात, त्यामुळे त्या दाबायला हलक्या जातात.

वजन आणि तोल
लेस पॉल बहुधा चार किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असते. स्ट्रॅटोकास्टर साधारण साडेतीन किलोची. उभे राहून तासभर वाजवताना हा फरक खांद्याला कळतो. रुंद पट्ट्याने भार विभागला जातो. काही हलक्या गिटारींचे डोके खाली झुकते. 1961 पासूनच्या गिब्सन एसजी या घडणीत हे बऱ्याचदा आढळते. अशा वेळी डावा हात सूर दाबण्याऐवजी दांडा सावरत बसतो. आतून खरखरीत असलेला चामड्याचा पट्टा यावर बराच उपयोगी पडतो.

बॉडीचा आकार
1954 साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरची बॉडी पोटाच्या बाजूने कोरलेली आणि हात टेकतो तिथे उतरती केलेली आहे. टेलिकास्टरच्या मूळ घडणीत कडा सरळ असतात आणि त्या कोपराखाली रुततात. 1958 च्या फ्लाइंग व्ही या गिटारीला कंबरच नाही, त्यामुळे ती बसल्यावर मांडीवरून घसरते.

बैठक
आपल्याकडे पेटी, तबला, सतार मांडी घालून शिकतात, म्हणून मुले गिटारही तशीच घेऊन बसतात. त्या बैठकीत फ्रेट पाहण्यासाठी पाठ वाकते आणि मनगट दुमडते. हात नसलेली, पाय जमिनीला टेकतील एवढ्या उंचीची खुर्ची घ्यावी. जमिनीवरच बसायचे असेल तर पट्टा गळ्यात घालूनच बसावे. पट्ट्याची लांबी अशी ठेवावी की बसताना आणि उभे असताना गिटार एकाच उंचीवर राहील. दांड्याचे टोक किंचित वर असावे, म्हणजे डावे मनगट सरळ राहते.

दुकानात काय पाहावे?
ज्याला वाजवायचे आहे, त्यालाच दुकानात न्यावे. पंधरा मिनिटे बसून आणि पंधरा मिनिटे पट्टा लावून उभे राहून वाजवू द्यावे. पहिल्या फ्रेटवर एफ कॉर्ड धरायला लावावा आणि तेव्हा मनगट किती वाकते ते बाजूने पाहावे. डावखुऱ्या मुलाला डाव्या हाताची गिटार मागून दाखवावी.

गिटार घरी आधीच असेल तर ती बदलण्याआधी पट्टा, पातळ तारा आणि तारांची उंची यांत फेरफार करून पाहावा. हे काम थोडक्या खर्चात होते. वाजवताना बोटांना मुंग्या आल्या किंवा मनगट दुखले तर तिथेच थांबावे. त्रास टिकून राहिला तर सराव वाढवू नये, डॉक्टरांना दाखवावे.