दीड तिकीट आणि शिदोरी

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट लागतं. नांदेडहून लातूरला नवरा-बायको निघाले की कंडक्टर दीड तिकिटाचे पैसे घेतो. नुकतं लग्न झालेल्या आणि डोक्यावर हप्ते असलेल्या माझ्या वयाच्या पोरांना हा हिशेब लगेच कळला. बायकोचा किंवा लग्नाचा वाढदिवस आला की घरून डबा करायचा, लाल परी पकडायची, औशाचा किल्ला नाहीतर खरोशाची लेणी बघायची आणि रात्री घरी परत यायचं. हॉटेल नाही, भाड्याची गाडी नाही. इन्स्टाग्रामवर याला 'बजेट सेलिब्रेशन' म्हणतात.

नाव नवं आहे, पण गोष्ट आपल्याकडं शंभर वर्षांहून जुनी आहे. घरचं जेवण बांधून घ्यायचं आणि जोडीनं कमी पैशात बाहेर पडायचं, हे नांदेड-लातूरच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. फक्त त्या जुन्या रीतीत कौतुक कुणाचं व्हायचं आणि चुलीपुढं कोण असायचं, हे जरा जवळ जाऊन बघावं लागतं.

देवाचं निमित्त

आपल्या पणजोबांच्या पिढीत नवरा-बायकोनं 'फिरायला' जाणं हा प्रकारच नव्हता. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांशी बोलायचीसुद्धा चोरी. रमाबाई रानड्यांच्या आठवणींचं पुस्तक १९१० साली निघालं. पुण्यात, एका न्यायाधीशाच्या घरात, बायको नवऱ्याकडून लिहायला-वाचायला शिकते एवढ्यावरून घरातल्या बायकांनी तिला किती बोल लावले, ते त्यात वाचायला मिळतं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरी नवरा-बायको दिवसभर एकाच रानात राबायचे. पण सोबत राबणं वेगळं आणि सोबत फिरणं वेगळं.

एका बाबतीत मात्र बायकोशिवाय पान हलायचं नाही. पूजेला जोडीनंच बसावं लागतं. लग्न झालं की जोडीनं कुलदैवताला जावं लागतं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, माळेगावचा खंडोबा. आपल्याकडच्या कित्येक जोडप्यांचा पहिला प्रवास हाच. आजच्या भाषेत हनिमून म्हणा हवं तर, फक्त सोबत सासू, नणंद आणि गोंधळी असायचे. बैलगाडीत खाली कडबा, वर गोधडी, आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात, म्हणून ती प्रवासात मऊ राहते. धर्मशाळेत मुक्काम. खर्च जवळजवळ शून्य.

मग रूळ आले. १९०० च्या सुमारास सिकंदराबाद-मनमाड मीटरगेज लाइन सुरू झाली आणि नांदेड तिच्यावर आलं. लातूरला गाडी आली ती वेगळ्याच वाटेनं. एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी अरुंद रुळांची गाडी १८९७ मध्ये बार्शीला सुरू केली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली आणि १९११ मध्ये लातूरला. हलके रूळ, छोटे डबे, कमी खर्च. त्यामुळं लातूरच्या जोडप्याला कुर्डूवाडीमार्गे थेट विठोबापर्यंत रुळांवरून जाता यायला लागलं. शिदोरी तीच, वाहन तेवढं बदललं.

रस्त्यावरची सरकारी बस या भागाला आधी निजामाच्या राज्यानं दाखवली. हैदराबाद संस्थानाच्या रेल्वेनं जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन प्रवासी सेवा सुरू केली. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर ही पहिली एसटी धावली, तेव्हा नांदेड-लातूर अजून निजामाच्याच राज्यात होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि पुढं एसटी आपल्याही फाट्यावर थांबू लागली. तरी निमित्त देवाचंच राहिलं. आजही आषाढीच्या शासकीय पूजेला दर्शनाच्या रांगेतून निवडलेल्या मानाच्या वारकरी जोडप्याला एसटी वर्षभराचा मोफत पास देते. नवरा-बायकोचा एवढा मोठा जाहीर सन्मान आपल्याकडं दुसरा क्वचितच असेल, आणि त्याचं बक्षीस म्हणजे एसटीचा प्रवास.

येळवस

देवाच्या निमित्ताशिवाय अख्खं घर बाहेर पडतं असा आपल्याकडं एक दिवस आहे, आणि त्या दिवशी तिकीटसुद्धा लागत नाही. मार्गशीर्ष अमावस्या, म्हणजे वेळ अमावस्या, म्हणजे आपली येळवस. लातूर, धाराशिव, नांदेडचा कर्नाटक-तेलंगणाला लागून असलेला भाग आणि पलीकडं बिदर, कलबुर्गी इथं हा सण होतो. कन्नडमध्ये त्याला एळ्ळ अमावास्या म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. भाषा बदलते, राज्य बदलतं, रान तेच राहतं. आदल्या दिवशी, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी माणसं शिवारात असतात.

त्या दिवशी लातूर शहर संचारबंदी लागल्यासारखं रिकामं होतं. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी आपल्या शेतात जेवायला बोलावतंच. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात. आत पांडव म्हणून दगड मांडून त्यांना चुना लावतात, कित्येक ठिकाणी शेजारी द्रौपदीही असते. पूजा झाली की पिकात आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची.

आणि जेवण! तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे, मटाराचे ताजे दाणे आणि भाज्या डाळीच्या पिठात शिजवून केलेली भज्जी. बाजरीचे उंडे. गव्हाची खीर. ताकात ज्वारीचं पीठ आंबवून, लसूण-जिरं घालून केलेली आंबील. आंबिलीचं बिंदगं डोक्यावर आणि अंगावर घोंगडी, अशा थाटात घरचा माणूस शेताकडं निघतो.

या सणामागची कल्पना मला फार आवडते. तेव्हा रब्बीची ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, म्हणजे कणीस अजून पानाच्या पोटात असतं. रान गरोदर आहे, म्हणून त्याला खाऊ घालायचं. कर्नाटकात शरद पौर्णिमेला शीगी हुण्णिमे असते, तिला तर उघडच भूमीचं डोहाळजेवण मानतात.

जेवण कुणासाठी

आता घरात या. बायकोला कौतुकानं, तिच्या आवडीचं करून घालायचं, असा प्रसंग आपल्या परंपरेत कोणता? डोहाळजेवण. तिला जे हवं ते, बागेत, चांदण्यात, नावेत बसवून. जेवणही आहे आणि थोडीशी सहलही. पण ते होतं ती आई होणार असते तेव्हा. गरोदर रान आणि गरोदर बाई, दोघींना आपण खाऊ घालतो ते पोटातल्या पिकाकडं बघून.

नवऱ्याचं तसं नाही. दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी धोंड्याचा महिना येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. त्या महिन्यात सासुरवाडीला जावई-लेकीला बोलावतात, लक्ष्मी-नारायण म्हणून ओवाळतात, पुरण भरून केलेले धोंडे आणि ३३ अनारसे वाढतात. लेकीलाही साडी मिळते, माहेरचे चार दिवस मिळतात. पण पाट-रांगोळी, चांदीचं ताट आणि आग्रह जावयाला. त्यासाठी त्यानं बाप व्हायची अट नसते. तो जावई आहे एवढं पुरतं.

माझी आजी सांगायची, गरम भाकरी तिला फक्त माहेरी मिळायची, कारण तिथं थापणारी दुसरी असायची. तिची आई.

येळवशीचंही तसंच. कोप बांधायला पुरुषांना तासभर पुरतो. उंडे, खीर, भज्जी आणि सगळ्या शिवारभर पाहुण्यांना पुरेल एवढं जेवण करायला बायका आदल्या संध्याकाळी चुलीपुढं बसतात ते पहाटेपर्यंत. हा सण आपल्याला स्वस्त वाटतो कारण वस्तू घरच्या असतात. रात्रीची किंमत कुणी लावत नाही.

एक कोयता

ही किंमत जिथं लावली जाते तिथली गोष्टही या इतिहासातच येते. मराठवाड्यातली जोडपी सगळ्यात मोठ्या संख्येनं एकत्र प्रवास करतात तो देवाला नाही आणि किल्ल्यालाही नाही. दसरा-दिवाळीनंतर बीडबरोबर लातूर-नांदेडच्या डोंगरी, कोरडवाहू तालुक्यांतून हजारो नवरा-बायको ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडं निघतात. मुकादम त्यांना माणसांत मोजत नाही, कोयत्यांत मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल जोडीला मिळते आणि बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते.

त्या एका कोयत्यातली बाई अंधारात उठते, पाणी आणते, भाकऱ्या थापते, लेकरांचं आवरते आणि मग नवऱ्याबरोबर फडात जाऊन मोळ्या बांधते. परत आली की पुन्हा चूल. घरचं जेवण, कमी खर्चाचा प्रवास, जोडीनं. आपल्या वाढदिवसाच्या प्लॅनमधले सगळे शब्द इथं लागू पडतात. हंगाम मार्चपर्यंत चालतो, त्यामुळं येळवस त्यांच्याकडं पाचटाच्या खोपीतच येऊन जाते.

शिदोरी एका जागी कौतुक असते आणि दुसऱ्या जागी दुसरी पाळी. डब्यातले पदार्थ तेच असतात. ते कुणी केले आणि त्या वेळी दुसरा काय करत होता, यावर ते ठरतं.

परातीपुढचे पुरुष

पुरुषांना मोठ्या स्वयंपाकाची सवय नाही, असं म्हणायची सोय नांदेडमध्ये नाही. गुरू गोविंदसिंगांचा १७०८ मध्ये इथं अंत झाला, आणि महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ दरम्यान, तख्त सचखंड हुजूर साहिबची इमारत उभी राहिली. तिथल्या लंगरमध्ये कणीक मळणारे, रोट्या लाटणारे, भांडी घासणारे पुरुष कोणत्याही दिवशी दिसतात. नवरा, बायको, परका, पाहुणा एका पंगतीत बसतो आणि पैसे कुणी विचारत नाही. नांदेड-अमृतसर सचखंड एक्स्प्रेसमध्ये तर शिदोरीची गरजच नाही. वाटेतल्या स्टेशनांवर सेवेकरी गरम लंगर घेऊन उभे असतात, प्रवाशानं फक्त भांडं पुढं करायचं.

आपले पुरुषही कमी नाहीत. सप्त्याच्या पंगतीला, लग्नाच्या भोजनाला गावोगाव पुरुषच कढया ढवळतात. म्हणजे हात आहेत, हातांना येतंही. चारशे माणसांचं वरण करणारा माणूस घरी दोघांचं करत नाही, याचं कारण कौशल्यात नाही. सार्वजनिक ठिकाणी केलेला स्वयंपाक सेवा ठरतो आणि घरातला बायकोचं काम. चारशे माणसांना जेवू घातलं की नाव होतं, घरी केलं तर बघायला कुणी नसतं.

भार आणि आस

आम्ही दोघं पुण्यात एकाच क्षेत्रात नोकरी करतो. मागच्या येळवशीला रजा मिळाली नाही, म्हणून पुढच्या रविवारी तो स्वयंपाक घरीच करायचा ठरवलं. मी भज्जीचे दाणे सोलायला घेतले. तुरीच्या शेंगा, वाल, हरभरा, मटार. तीन तास गेले आणि पातेलं अर्धं भरलं होतं. बायको शेजारी पुस्तक वाचत होती, मध्येच म्हणाली, "आमच्याकडं वीस माणसांची करतात." मला त्या वाक्याचं पुढं काही उत्तर सुचलं नाही. मी मोबाईलवर गुणाकार करून बघितला आणि सोलायला लागलो.

इंजिनिअर म्हणून मला काल्थ्रॉपच्या त्या छोट्या गाडीतली एक गोष्ट आवडते. रूळ हलके होते, तरी गाडी भरपूर माल आणि माणसं ओढायची. कारण त्यानं डबे आणि इंजिन असे बनवले की भार सगळ्या आसांवर सारखा पडावा. एकाच आसावर सगळं वजन आलं असतं तर ते रूळ टिकले नसते.

दीड तिकिटाची सहल अशीच चालते. ती स्वस्त आहे, त्यात कमीपणा काही नाही. आपल्या आधीच्या चार पिढ्या शिदोरीवरच तुळजापूर-पंढरपूर करून आल्या. फक्त ती बायकोच्या वाढदिवसाची असेल तर पहाटेचा गजर नवऱ्याच्या फोनवर लागावा. दशमीत दूध किती घालायचं ते आईला फोन करून विचारावं. आई आधी हसेल, मग सांगेल. धपाट्याला तीळ लावावेत, चटणी कोरडी ठेवावी, आणि परत आल्यावर डबे त्याच रात्री घासावेत. एसटीत खिडकीची जागा कुणाला, हे बाकी तुमचं तुम्ही ठरवा.